नाताळचा बांबूचा तारा घरी करताना: माप, बांधणी, कागद आणि दिवा

नाताळचा तारा पहिल्यांदा करणारे बहुतेक जण आकाशकंदिलाच्या सवयीने कामाला लागतात आणि तिथेच फसतात. कंदिलाच्या कामट्या सरळ राहतात. गाठी घट्ट बसल्या की सांगाडा झाला. ताऱ्याचं तसं नाही. पाच-पाच कामट्यांचे दोन सपाट तारे करायचे, ते टोकांना एकमेकांशी बांधायचे आणि मधे काड्या अडकवून त्यांचं पोट फुगवायचं. कामट्या वाकतात, त्यांना ताण बसतो आणि त्या ताणावरच तारा उभा राहतो. म्हणून एखादी कामटी बाकीच्यांपेक्षा जाड निघाली किंवा एक गाठ बोटभर सरकली, तर अख्खा तारा पिळवटतो. कागद लावून हा दोष झाकत नाही. आत दिवा लागला की उलट उठून दिसतो.

हे काम एका बैठकीत उरकायला जाऊ नका. तीन संध्याकाळी धरा: पहिल्या दिवशी दोन्ही सांगाडे, दुसऱ्या दिवशी जोडणी आणि दिवा, तिसऱ्या दिवशी कागद. काही घरांत तारा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी लागतो, काही घरांत १६ डिसेंबरला नोव्हेना, म्हणजे नाताळाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होताना. बांबू नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आणून ठेवला तर दोन्ही मुहूर्त गाठता येतात.

## १. आधी माप, मग बांबू

ताऱ्याचं माप म्हणजे एका कामटीची लांबी. समोरासमोरच्या दोन टोकांतलं अंतरही तेवढंच भरतं. फ्लॅटच्या गॅलरीला ६० सेंमी पुरे. अंगण, पडवी किंवा दारासमोरचं झाड असेल तर ९० सेंमी. १२० सेंमीचा तारा छान दिसतो, पण तो घराच्या दारातून बाहेर निघेल का हे आधी बघा. गच्चीवरच्या खोलीत मोठा तारा करून तो जिन्यातच अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

या लेखातली मापं ९० सेंमीच्या ताऱ्याची आहेत. प्रत्येक टोकाला बांधायला २ सेंमी जास्त लागतात, म्हणून कामटी ९४ सेंमीची कापायची.

## २. सामान

- बांबूच्या कामट्या: ९४ सेंमी लांब, १० ते १२ मिमी रुंद, ३ ते ४ मिमी जाड. लागतात १०, पण १३ घ्या.
- ताणकाड्या (पोट फुगवणाऱ्या काड्या): १८ सेंमीच्या ५, करंगळीएवढ्या जाड. एक जादा.
- होल्डर बांधायला २५ सेंमीची एक कामटी.
- जाड सुती दोरा. गोधडीचा किंवा पतंगाचा साधा सद्दी चालतो, मांजा नाही.
- रबर बँड, २५-३०.
- पतंगाचा कागद: सुमारे दीड चौरस मीटर. ५० बाय ७५ सेंमीचे ताव मिळाले तर चार लागतात.
- खळ (मैदा शिजवून केलेली चिकी, कृती भाग ९ मध्ये) किंवा पांढरा गोंद, आणि दीड-दोन इंची मऊ ब्रश.
- लटकता होल्डर, पुरेशी वायर, पिन आणि ५ ते ७ वॅटचा एलईडी बल्ब.
- टांगायला नायलॉनची दोरी.

कामट्या बुरुडाकडे तयार मिळतात. पुण्यातल्या बुरूड आळीसारख्या ठिकाणी माप सांगितलं की तिथल्या तिथे काढून देतात. सांगताना "कंदिलाच्या कामट्या" म्हणू नका, त्या बारीक आणि ठिसूळ येतात. "वाकवायच्या आहेत, पाठीकडच्या द्या" असं सांगा. बांबूची हिरवी-पिवळी गुळगुळीत बाजू ही पाठ, आतला पांढरा भाग पोट. चिवटपणा सगळा पाठीत असतो. नुसत्या पोटाच्या कामट्या दिसायला जाड असतात, पण वाकवल्या की कटकन मोडतात.

सावध: कामट्यांवर बारीक भोकं आणि खाली पिवळसर भुसा दिसला तर त्या घेऊ नका. आत किडा असतो आणि तारा टांगल्यावरही त्याचं पोखरणं चालूच राहतं.

## ३. कामट्या तासणं आणि जोड्या लावणं

बराचसा तारा याच टप्प्यात बिघडतो, म्हणून घाई इथे करू नका.

कामटीच्या कडा कोयत्याने नाही, सुरीने तासा. सुरी नेहमी अंगापासून दूर चालवा. पोटाकडचा पांढरा गर खरवडून जाडी सगळीकडे सारखी करा. पाठीला सुरी लावायची नाही. शेवटी पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर विणताना बोटात कुसळं जातात आणि कागद लावताना तोही फाटतो. तासण्याचं काम मोठ्यांनीच करायचं. मुलांना पॉलिश पेपर द्या, ते त्यात रमतात.

आता प्रत्येक कामटीची परीक्षा घ्या. दोन्ही टोकं धरून हळूहळू वाकवा. मध्यभाग साधारण १५ सेंमी वर उचलला जाईपर्यंत कामटी गुपचूप वाकली पाहिजे. कडकड आवाज आला तर ती बाद. कमान एकाच बाजूला जास्त आली तर दुसऱ्या बाजूचं पोट थोडं खरवडा. बांबूची गाठ जिथे असते तिथे कामटी वाकत नाही, त्यामुळे गाठ नेमकी फुलीवर, म्हणजे दोन कामट्या एकमेकींना छेदतात तिथे, येता कामा नये. कामटी कापताना लांबी मागेपुढे सरकवून हे साधता येतं. नंतर इलाज नाही.

सगळ्या तपासल्या की ताठ एकीकडे आणि लवचिक एकीकडे अशा ओळीने मांडा. एका सांगाड्यात पाचही साधारण एकाच जातीच्या हव्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सांगाडे एकमेकांच्या तोडीचे हवेत. पुढचा ताठ आणि मागचा मऊ झाला तर तारा मागून फुगतो आणि पुढून चपटा राहतो.

कामट्या फार वाळलेल्या असतील तर पाण्यात चार-पाच तास बुडवून ठेवतात. चालेल, पण भिजलेल्या कामट्या तशाच बांधू नका. बांबू वाळताना आकसतो आणि काल घट्ट असलेली गाठ आज खुळखुळते. भिजवून सावलीत एक दिवस ठेवा, मग बांधा. ताज्या हिरव्या कामट्या आणल्या असतील तर दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या. उन्हात टाकल्या तर वेड्यावाकड्या होतात.

## ४. खुणा

पाच कामट्यांचा तारा अंदाजाने केला तर पाकळ्या कधीच सारख्या येत नाहीत. प्रत्येक कामटी ठरलेल्या दोनच ठिकाणी छेदली जाते आणि ती जागा लांबीच्या ०.३८२ पट अंतरावर असते. ९० सेंमीला ती दोन्ही टोकांपासून ३४.४ सेंमीवर येते, मधला भाग २१.२ सेंमी उरतो. बांधायचे २ सेंमी धरून खुणा अशा करा:

- ९४ सेंमी कामटी (तारा ९०): २, ३६.४, ५७.६ आणि ९२ सेंमीवर.
- ६४ सेंमी कामटी (तारा ६०): २, २४.९, ३९.१ आणि ६२ सेंमीवर.
- १२४ सेंमी कामटी (तारा १२०): २, ४७.८, ७६.२ आणि १२२ सेंमीवर.

खुणा पाठीच्या बाजूला, पेन्सिलीने. स्केचपेनची शाई खळ लागली की कागदातून उमटते. एका कामटीवर नीट मोजा आणि बाकीच्या नऊ तिच्या शेजारी ठेवून खुणा उतरवा. दहा वेळा टेपने मोजलं तर दहा वेगळी मापं येतात.

तपासा: दहाही कामट्या एकत्र जुळवून टोकावर उभ्या धरा. खुणांच्या चार रेघा सलग दिसल्या पाहिजेत.

## ५. पहिला तारा विणणं

जमिनीवर खडूने पाच टोकं काढून त्यांना आकडे द्या: वर १, मग घड्याळाच्या दिशेने २, ३, ४, ५. कामट्या पाठ वर ठेवून मांडायच्या. हात न उचलता तारा काढतो त्याच क्रमाने:

१. पहिली कामटी १ पासून ३ पर्यंत.
२. दुसरी ३ पासून ५ पर्यंत.
३. तिसरी ५ पासून २ पर्यंत, पहिलीच्या वरून.
४. चौथी २ पासून ४ पर्यंत, पहिलीच्या खालून आणि दुसरीच्या वरून.
५. पाचवी ४ पासून १ पर्यंत, दुसरीच्या खालून आणि तिसरीच्या वरून.

नीट विणलं असेल तर प्रत्येक कामटी एकदा वरून आणि एकदा खालून जाते. सगळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर गाठ बांधूनही सांगाडा एका कडेला उचलला जातो. हे विणकाम आठ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. चुकलं तर सोडून पुन्हा करायला लावा, पण अजून दोरा हातात देऊ नका.

दोऱ्याआधी रबर बँड. टोकांच्या पाच आणि फुल्यांच्या पाच अशा दहाही जागी आधी रबर बँड गुंडाळा आणि सगळ्या खुणा एकमेकींवर आणा.

तपासा: शेजारशेजारच्या दोन टोकांतलं अंतर टेपने मोजा. ९० सेंमीच्या ताऱ्यात ते ५५.६ सेंमी भरतं (६० च्या ताऱ्यात ३७, १२० च्या ताऱ्यात ७४). पाचही अंतरं एकमेकांपासून १ सेंमीच्या आत हवीत. एखादं दोन-तीन सेंमीने चुकत असेल तर फुलीवरची खूण सरकली आहे. ती आत्ताच जागेवर आणा.

अंतरं जुळली की दोरा. दोरा खळीत बुडवून निथळून घ्या. फुलीवर आधी एका कर्णाने चार वेढे, मग दुसऱ्या कर्णाने चार, आणि शेवटी दोन कामट्यांच्या मधून दोन आडवे वेढे ओढून गाठ. हे मधले दोन वेढेच बांधणी आवळतात. ते विसरले तर कितीही दोरा गुंडाळला तरी फुली कात्रीसारखी हलते. रबर बँड दोरा बांधून झाल्यावर काढायचे, आधी नाही. टोकांना सध्या तात्पुरते तीन-चार वेढेच द्या, पक्की गाठ पुढच्या टप्प्यात येते.

सावध: खिळे किंवा टाचण्या ठोकू नका. कामटी चिरते आणि पुढे ताण बसला की त्याच चिरेतून फाटते. बारीक तार घट्ट बसते खरी, पण कामटीत रुतते आणि दवाने गंजून कागदावर डाग पाडते.

## ६. दुसरा तारा आणि जुळवणी

दुसरा तारा अगदी तसाच, पाठ वर ठेवून. झाला की तो उलटा करून पहिल्याच्या पोटाशी पोट लावून ठेवा, म्हणजे दोन्हींची पाठ बाहेर येते. ताऱ्याचं पोट फुगलं की कामटीच्या बाहेरच्या अंगाला ताण बसतो, आणि तो पाठ सोसते. पोटाची बाजू बाहेर राहिली तर कामट्यांचे तंतू उसवतात.

हाताने केलेले दोन तारे हुबेहूब जुळत नाहीत. वरचा तारा एकेक टोक पुढे फिरवत पाचही स्थितींत बघा आणि जिथे टोकं सर्वांत जवळ येतात तिथे थांबा. दोन्हींवर पेन्सिलीने १ ते ५ आकडे घाला, नंतर तारा उघडावा लागला तर लागतातच.

आता पाचही टोकं पक्की बांधा. प्रत्येक टोकाशी चार कामट्या येतात. खुणेवर आठ-दहा वेढे, मग कामट्यांच्या मधून दोन, आणि गाठ. २ सेंमीचा जादा भाग लगेच कापू नका. पोट फुगल्यावर टोकं किंचित आत सरकतात.

## ७. पोट फुगवणं

ताणकाडीच्या दोन्ही टोकांना इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा, ३-४ मिमी खोल. काडी फुलीच्या मागे बसते आणि खाचेत कामटी अडकते. लांबी ताऱ्याच्या मापाच्या पाचव्या भागाएवढी: ९० ला १८ सेंमी, ६० ला १२, १२० ला २४.

पोट जास्त फुगलं तर तारा जास्त उठावदार दिसेल असं वाटून पुष्कळ जण २५-३० सेंमीच्या काड्या घालतात. कामट्या तिथेच मोडतात, किंवा त्या दिवशी तग धरून चार दिवसांनी रात्री मोडतात. काडी फार आखूड असली तर तारा पापडासारखा चपटा राहतो आणि बल्ब कागदाला टेकतो.

बसवण्याची पद्धत: दोन्ही तारे मधल्या पंचकोनात हाताने अलग करा, काडी तिथे आडवी आत न्या, उभी करा आणि ढकलत फुलीपर्यंत न्या. बाहेरून, पाकळीच्या बाजूने घालायला गेलात तर जागाच मिळत नाही.

क्रम चुकला की तारा पिळतो. ओळीने पाच काड्या बसवायच्या नाहीत. एक झाली की शेजारची सोडून पुढची: १, ३, ५, मग २, ४. पहिल्या तीन काड्या फुलीपासून दोन बोटं अलीकडेच ठेवा, पाचही आत गेल्यावर एकेक करून शेवटपर्यंत ढकला.

सावध: ताणलेली कामटी निसटली तर सटकन उडते. काड्या बसवताना चेहरा ताऱ्यावर झुकवू नका आणि लहान मुलांना दोन हात लांब बसवा. त्यांना तेवढ्या वेळात झिरमिळ्या कापायला द्या.

तपासा: तारा एका टोकाला धरून उभा उचला आणि बाजूने एक डोळा मिटून बघा. पाचही टोकं एका सरळ रेषेत, म्हणजे एकाच पातळीत दिसली पाहिजेत. एक टोक पुढे आलं असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या काड्या किंचित कमी-जास्त आत सरकवून बघा. तरीही राहिलं तर त्या पाकळीची पुढची कामटी ताठ आहे, पोटाकडून ती थोडी खरवडा.

बरोबर आलं की काड्या फुलीशी दोऱ्याने बांधा. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा बघा, मगच टोकांचा जादा भाग १ सेंमी ठेवून कापा. एवढं झालं की तारा एक रात्र तसाच ठेवा. एखादी कामटी मोडायची असेल तर कागद लावायच्या आधी मोडलेली बरी.

## ८. दिवा, कागदाच्या आधी

तारा एक टोक वर करून टांगायचा. वरच्या पाकळीच्या मुळाशी डावी-उजवी अशा दोन ताणकाड्या येतात. त्या दोन्हींच्या बरोबर मध्यावर २५ सेंमीची आडवी कामटी बांधा आणि तिच्यावर होल्डर खाली तोंड करून घट्ट बांधा. ९० च्या ताऱ्यात पंचकोनाचा मध्य या कामटीपासून साधारण साडेचौदा सेंमी खाली येतो. होल्डर आणि बल्ब मिळून तेवढंच अंतर घेतात, त्यामुळे वेगळी झुलती वायर लागत नाही. होल्डर झुलता सोडलात तर वाऱ्यात बल्ब कागदावर आपटतो.

वायर वरच्या पाकळीतून नेऊन उजव्या बगलेतून, म्हणजे पाकळीच्या पुढच्या आणि मागच्या कामटीमधल्या बाजूच्या फटीतून, बाहेर काढा. या बगलेची फट पुढे दार म्हणून ठेवायची आहे.

बल्ब पांढरा किंवा पिवळसर घ्या. लाल कागदाच्या मागे निळा बल्ब लावला तर तारा काळपट दिसतो, कारण लाल कागद निळा प्रकाश अडवतो. जुना ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावायचा नाही, कागद आणि बांबू दोन्हीला त्याची आच लागते. मेणबत्ती किंवा पणतीचा तर विचारही नको. ६० सेंमीच्या ताऱ्याला ३ वॅटचा छोटा बल्ब पुरतो.

तपासा: कागद लावायच्या आधी दिवा लावून अर्धा तास ठेवा. वायरचं कुठलंही उघडं तांबं दिसता कामा नये. बाहेर येणाऱ्या वायरला मधे जोड द्यायचा नाही. कमी पडली तर अखंड लांब वायर आणा.

## ९. कागद

खळ: दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, कपभर (२०० मिलि) पाणी उकळत ठेवून त्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पूर्ण गार झाल्यावरच वापरा; गरम खळीने पतंगाचा कागद विरघळल्यासारखा होतो. झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ते विषारी असतं, मुलं हात घालणार असतील तर टाळा आणि पांढरा गोंद निम्म्या पाण्यात कालवून वापरा.

एकूण २२ तुकडे लागतात: पुढे पाच पाकळ्या आणि एक पंचकोन, मागे तसेच सहा, आणि पाकळ्यांच्या बगलांचे दहा निमुळते त्रिकोण. हे तुकडे गणिताच्या मापाने कापू नका. वर्तमानपत्र प्रत्येक जागेवर धरून कडेने बोट दाबत आकार उतरवा, दीड सेंमी कड जास्त ठेवा आणि प्रत्येकावर जागा लिहा: "पुढे १", "मागे ३", "बगल १ उजवी". एकाच साच्यावर पाचही पाकळ्या कापल्या की एक तरी तोकडी पडतेच.

रंगांबद्दल इतकंच, की मधला पंचकोन फिका ठेवा: पांढरा, पिवळा, फिका गुलाबी. उजेड तिथूनच जास्त येतो. गडद रंग पाकळ्यांना.

लावायचा क्रम:

१. आधी बगला. दहापैकी नऊच, वायरजवळची वरच्या पाकळीची उजवी बगल सोडा. कडा कामटीवरून बाहेर वळवून चिकटवा.
२. मग पुढच्या पाच पाकळ्या आणि मागच्या पाच. त्यांच्या कडांखाली बगलांच्या कडा झाकल्या जातात.
३. पुढचा पंचकोन.
४. मागचा पंचकोन सर्वांत शेवटी, कारण तोपर्यंत त्या भोकातून हात आत घालून कागद आतून दाबता येतो.
५. उरलेली बगल एकाच कडेने चिकटवा आणि दुसरी कड सेलोटेपच्या दोन तुकड्यांनी बंद करा. बल्ब बदलायचं हे दार.

खळ कामटीला लावा, कागदाला नाही. ओला झालेला पतंगाचा कागद उचलतानाच फाटतो. आधी पाकळीचं टोक चिकटवा, मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खाली उतरत या. कागद हलका ताठ असावा. डफासारखा ताणलात तर रात्रीच्या गारव्यात सैल पडून सकाळच्या उन्हात वाळताना तडकतो.

वाळल्यावर सुरकुत्या राहिल्याच तर पांढऱ्या कागदावर स्प्रेने अगदी बारीक तुषार मारतात. वाळताना कागद आवळतो आणि सुरकुती जाते. रंगीत कागदावर हे करण्याआधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा, बऱ्याच पतंगी कागदांचा रंग सुटतो. पंखा मात्र लावू नका. एका बाजूने लवकर वाळलेला कागद कड सोडतो.

झिरमिळ्या खालच्या दोन टोकांना लावतात. पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्यामागून बेथलेहेमला पोहोचले असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. तो शेपटीचा तारा होता असं समजून काही घरी एकाच बाजूला लांब शेपूट लावतात. लावायची असेल तर हलक्या कागदाची लावा, जड शेपटीने तारा तिरका लटकतो.

## १०. टांगणं

दोरी वरच्या टोकाच्या गाठीच्या खाली, चार कामट्यांच्या मधून ओवून बांधा. नुसती टोकावर गुंडाळली तर निमुळत्या टोकावरून वर सरकते आणि एके रात्री तारा खाली येतो. वजन दोरीने घ्यायचं, वायरने नाही. वायर दोरीला तीन ठिकाणी सैल बांधा आणि बोर्डाकडे जाताना तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत बोर्डात न जाता झोळाशी गळून पडेल.

एकाच दोरीवर तारा वाऱ्याने गरगर फिरतो आणि वायरला पीळ बसतो. खालच्या दोन टोकांपासून बारीक दोरे खिडकीच्या गजाला किंवा फांदीला बांधा, पण किंचित सैल.

कोकण, वसई आणि गोव्यात डिसेंबरच्या रात्री दव भरपूर पडतं. उघड्यावरचा पतंगी कागद आठवड्यात लोंबतो. तारा पडवीत किंवा छपराखाली लावा. उघड्यावरच लावायचा असेल तर कागदाऐवजी पातळ रंगीत प्लास्टिक घ्या. ते खळीने चिकटत नाही, दुहेरी चिकटपट्टी लागते. चकचकीत जिलेटीन कागद मोहक दिसतो, पण उन्हात आकसून कडेला फाटतो.

## बिघडलं तर

एक पाकळी मुरगळली: बहुतेक वेळा तिथली ताणकाडी फुलीवरून घसरलेली असते. दारातून किंवा मागचा पंचकोन एका कडेने सोडवून काडी जागेवर बसवा आणि खाच खोल करा. पूर्ण कागद काढायची गरज नसते.

कामटी मोडली: मोडलेल्या जागी त्याच जाडीचा १२-१५ सेंमीचा तुकडा आतून लावून दोन्हीकडे दोऱ्याने आवळा. मात्र ती पाकळी ताठ होते, म्हणून समोरच्या कामटीलाही तसाच तुकडा लावला तर तोल राहतो.

कागदावर काळ्या रेघा: विणलेल्या कामट्यांची सावली आहे, ती पडणारच. दाट असेल तर बल्ब मध्यापासून पुढे सरकलेला आहे.

बल्ब सारखा जातो: होल्डर हलतोय. आडव्या कामटीवर त्याला दोन ठिकाणी बांधा.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की तारा उतरवतात. कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढा, ताणकाड्या काढून घ्या आणि सांगाडा सपाट करा. टोकांच्या गाठी सोडू नका. काड्या पिशवीत घालून त्याच सांगाड्याला बांधा आणि माळ्यावर आडवा ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवला तर कामट्या वाकतात. पुढच्या वर्षी दोरे बघायचे, सैल असतील तेवढेच बदलायचे. चांगला बांबू तीन-चार नाताळ सहज काढतो. बल्ब आणि होल्डर वेगळे ठेवा. वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना, हे पुढच्या वेळी लावण्याआधी पूर्ण लांबीभर हात फिरवून बघा, पिन बोर्डात घालायच्या आधी.